पोटाला हात लावा: हिवतापाचं शून्य मोजणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
हिवताप निर्मूलनाची आखणी करणारे आणि त्याचे आकडे मंजूर करणारे सर्व वरिष्ठ अधिकारी

विषय : पानथरी (प्लीहा) आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) यांची नोंद पुन्हा सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी गडचिरोली जिल्ह्यात 29 वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन 4 वर्षं झाली. एवढ्या काळात रक्ताच्या किती काचा पाहिल्या याचा हिशोब मी ठेवलेला नाही. सुरुवातीची बरीच वर्षं एका नळीच्या सूक्ष्मदर्शकावर गेली आणि आज माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्यापेक्षा बराच जास्त आहे, त्यावरून काय तो अंदाज करावा.

पत्राचं निमित्त तसं किरकोळ आहे. गेल्या पावसाळ्याआधी एका प्रशिक्षणाला मला 'अनुभवी' म्हणून बोलावलं होतं. नव्या पोरापोरींना काचेवर रक्ताचा जाड लेप कसा करायचा, काच पुसायची कशी, हे दाखवून झालं. मग मी म्हणालो, आता जरा पोट तपासायला शिकवतो, पानथरी हाताला कशी लागते ते. त्यावर मंचावरून उत्तर आलं, "काका, ते जुनं झालं. फॉर्ममध्ये आता तो रकानाच नाही." सगळे हसले. मीही हसलो, चहा घेतला आणि एसटीत बसलो. रकाना नाही हे खरंच होतं. पण घरी पोचेपर्यंत माझं हसू गेलं होतं, आणि ते का गेलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

2027 पर्यंत देशात हिवतापाचा एकही स्थानिक रुग्ण नको आणि 2030 पर्यंत निर्मूलन, हे तुमचं उद्दिष्ट आहे. ते माझंही आहे. माझं आयुष्य त्यातच गेलं. माझा प्रश्न फक्त मोजमापाचा आहे. शून्य तुम्ही कशावर मोजणार? बोट टोचून काढलेल्या थेंबात परजीवी दिसला नाही की शून्य, एवढंच तुमचं माप असेल, तर ते माप कसं फसतं हे मी जवळून पाहिलं आहे. फसवणारा हात माझाच होता.

भामरागडच्या बाजूच्या एका गावातली बाई. तिशीच्या आतबाहेरची, तीन मुलांची आई. नाव लिहीत नाही. डाव्या बरगडीखालून निघालेला 'गोटा' बेंबीच्या खाली उतरला होता. पोटावर डागण्यांच्या जुन्या खुणा होत्या, म्हणजे घरच्यांनी त्यांच्या परीनं उपाय करून झाले होते. ताप नव्हता. चालताना धाप लागायची आणि दोन घास खाल्ले की पोट भरायचं. पोटातली जागा त्या गोट्यानं खाल्ली होती, अन्नाला उरणार कुठून? वर्षभरात तिची काच माझ्याकडे तीनदा आली. तिन्ही वेळा मी नियमाप्रमाणे सूक्ष्मदर्शकाखाली जाड लेपाची 100 क्षेत्रं पाहिली आणि तिन्ही वेळा वहीत 'निगेटिव्ह' लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. परजीवी दिसलाच नव्हता.

माझा तो शब्द तिच्या कागदांवर पुढे सगळीकडे गेला. हिवताप नाही म्हटल्यावर तिला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्ताच्या कॅन्सरचा संशय घेतला गेला, कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला, आणि शेवटी पानथरी काढून टाकायचा सल्ला मिळाला. एवढं होईस्तोवर नवऱ्यानं बैलजोडी विकली होती. ऑपरेशनला भिऊन दोघं परत आले ते बरंच झालं. कारण नंतर एका तरुण डॉक्टरनं तिचे सगळे कागद जमिनीवर पसरून वाचले आणि तिचं रक्त आयजीएम (प्रतिपिंडांचा एक प्रकार) आणि हिवतापाची प्रतिपिंडं पाहायला पाठवलं. दोन्ही भरमसाट वाढलेली निघाली. तिला काही महिने हिवतापाचं औषध चालू ठेवलं. सहा महिन्यांनी तिचा 'गोटा' बरगडीखाली चार बोटांवर आला होता. ती पुन्हा तेंदूपत्त्याला जाऊ लागली. बैल काही परत आले नाहीत.

वैद्यकशास्त्रात याला हिवतापाची अतिप्रतिक्रियात्मक प्लीहावृद्धी म्हणतात. वर्षानुवर्षं परजीवीशी गाठ पडत राहिली की काही माणसांचं शरीर आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतं आणि त्यांचे गठ्ठे उपसता उपसता पानथरी फुगत जाते. रक्तात परजीवी इतके थोडे असतात की काच बहुतेकदा निगेटिव्हच येते. म्हणजे ज्या बाईच्या पोटात हिवतापानं घर केलं होतं, तिलाच मी तीनदा हिवतापमुक्त ठरवलं होतं. त्या दिवसापासून 'निगेटिव्ह' हा शब्द लिहिताना माझा हात जरा थबकायला लागला.

हे पत्र लोकही वाचणार आहेत, म्हणून थोडं उलगडून सांगतो. पानथरी म्हणजे डाव्या बरगड्यांखाली दडलेला मूठभर अवयव. निरोगी माणसात ती सहसा हाताला लागत नाही. म्हाताऱ्या, ताठर झालेल्या तांबड्या पेशी रक्तातून गाळून काढणं हे तिचं काम. हिवतापाचा परजीवी आत शिरला की पेशी ताठर होते आणि या गाळणीत अडकते. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींची भरतीही इथेच होते. ताप पुन्हा पुन्हा येत राहिला की दोन्ही कामं वाढतात आणि अवयव मोठा होत जातो. औषधानं रक्तातले परजीवी काही दिवसांत जातात. पानथरी ओसरायला आठवडे लागतात, कधी महिने. प्रतिपिंडं तर वर्षानुवर्षं मागे राहू शकतात, हळूहळू विरळ होत. काच फक्त आजची हजेरी सांगते. मागच्या पावसाळ्यात घरात कोण येऊन गेलं, हे तिला विचारून उपयोग नाही.

आणि 'जुनं झालं' म्हणता ते नेमकं किती जुनं? यमुनेच्या कालव्यांकाठी ताप का पसरतो हे शोधताना डेम्प्स्टर नावाच्या लष्करी सर्जननं गावोगावच्या पोरांची पोटं चाचपली आणि 1848 च्या सुमारास 'प्लीहा दर', म्हणजे शंभरात किती जणांची पानथरी हाताला लागते, हे माप जगाला दिलं. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला शोधला 1897 साली, म्हणजे त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. परजीवी माहीत नव्हता, डासाचा दोष कळला नव्हता, तेव्हाही नुसत्या हातानं कळत होतं की अमुक गाव तापाचं आणि तमुक गाव निरोगी. पुढे 1950 मध्ये युगांडात कंपाला इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनं त्याला शिस्त लावली. 2 ते 10 वर्षांची मुलं तपासायची. शंभरात 10 पर्यंत मुलांची पानथरी लागली तर हिवतापाचं ठाण कमी, 11 ते 50 मध्यम, सतत 50 च्या वर राहिली तर तीव्र आणि 75 च्या वर गेली तर अतितीव्र. यातली गंमत मोठ्यांची आहे. अतितीव्र भागात मोठ्या माणसांची पानथरी उलट कमी लागते, कारण लहानपणी मार खाऊन जे जगले त्यांच्या अंगात प्रतिकार मुरलेला असतो. त्याखालच्या 'तीव्र' पायरीवरच्या गावांत मात्र आईबापांचीही पोटं फुगलेली सापडतात. मुलं आणि मोठे असे दोन आकडे शेजारी ठेवले की गावाचा इतिहास वाचता येतो. माझ्या वरिष्ठांनी मला हे शिकवलं तेव्हा पाटी-पेन्सिल सोडून कुठलंही साहित्य लागलं नव्हतं.

जाता जाता आणखी एक. या देशात पानथरी कोर्टातही गेली आहे. आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं आपल्या मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराला, मारलं आणि तो पानथरी फुटून मेला. शिक्षा झाली 30 रुपये दंड. व्हाइसरॉय लिटननं 1876 मध्ये या निकालावर जाहीर नाराजी नोंदवली आणि त्यावरून देशभरातले गोरे लोक त्याच्यावरच उखडले. हिवतापानं फुगलेली पानथरी जराशा धक्क्यानं फुटू शकते, हे तेव्हाच्या न्यायाधीशांना ठाऊक होतं. गरिबाच्या पानथरीची नोंद तो मेल्यावर तरी होत होती. आमच्याकडे जिवंतपणी व्हावी, एवढंच मागतोय.

आता गाऱ्हाणी.

पहिलं, तुमचं सगळं गणित तापावर उभं आहे. ताप आला की आशाताई टोचणार. दर हजारी किती रुग्ण सापडले त्यावर गावाचा रंग ठरणार, लाल की हिरवा. पण वर्षानुवर्षं हिवतापात राहिलेल्या माणसाला परजीवी असूनही बहुधा ताप येत नाही. त्याच्या प्रतिपिंडांनी ताप दाबलेला असतो, परजीवी संपवलेला नसतो. तो महुआ वेचायला जातो, मळ्यावर झोपतो, इंद्रावतीपलीकडे लग्नाला जाऊन येतो, आणि डास त्याच्याकडून घेऊन पुढच्याला देत राहतो. हे शेजाऱ्यांना उमगलं आहे. ओडिशानं 2017 पासून दुर्गम गावांत ताप असो-नसो सगळ्यांना तपासायला घेतलं. छत्तीसगडनं जानेवारी 2020 मध्ये बस्तरात घरोघर तेच सुरू केलं आणि बाधितांमध्ये ताप नसलेल्यांचा मोठा हिस्सा निघाला. आपल्याकडेही मोहिमेच्या दिवसांत सरसकट टोचतात, नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेल्या एकाही मोहिमेत बोट टोचणाऱ्यानं पोराचा सदरा वर केला नाही.

दुसरं गाऱ्हाणं आरडीटीचं, म्हणजे त्या झटपट पट्टीचं. पट्टी आली तेव्हा मीच सर्वांत खूश होतो. वीज नाही, रस्ता नाही अशा गावात पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं आणि औषध लगेच सुरू होतं, तिनं किती जीव वाचवले ते मी पाहिलं आहे. पण एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 200 पेक्षा कमी परजीवी असले की तिचा भरवसा धरता येत नाही. उलट बाजूनं, फाल्सिपेरम या परजीवीच्या जातीचं प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे बरा झालेलाही पॉझिटिव्ह दिसतो. त्यात पानथरीचा भाग आणखी वेगळा. इंडोनेशियातल्या पापुआ भागात तिमिका इथे अपघात वगैरे कारणांनी ज्यांची पानथरी काढावी लागली अशा 22 जणांच्या पानथरी संशोधकांनी बारकाईनं तपासल्या. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ताप नसलेल्या या माणसांपैकी बहुतेकांच्या पानथरीत जिवंत परजीवी साठलेले होते, आणि व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा तर शरीरातला जवळजवळ सगळा साठा तिथेच होता, बोटाच्या रक्तात नाममात्र. आपण ज्या थेंबावर विसंबतो त्या थेंबात तो फारसा उतरतच नाही.

पश्चिम आफ्रिकेतलं फुलानी पशुपालकांचं उदाहरण तर मला फार आवडतं. मालीत ते डोगोन शेतकऱ्यांच्या शेजारी राहतात. डास तेच, पाऊस तोच. तरी फुलानींच्या रक्तात परजीवी कमी, प्रतिपिंडं जास्त आणि पानथरीही जास्त जणांची मोठी. फक्त काच पाहिली तर वाटेल यांना हिवतापाचा त्रास कमी. पोट पाहिलं की कळतं, यांचं शरीर किती झुंजतंय. आपल्याकडे माडिया, गोंड, छत्तीसगडातून आलेली कुटुंबं आणि बंगाली वसाहतींतले लोक एकाच जंगलाच्या कडेला राहतात. त्यांच्यात असा काही फरक आहे का, हे पाहायला कुणाला सांगितलं आहे का?

तिसरं. मोठी पानथरी घेऊन आलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, याची एक पानाची सूचनासुद्धा मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे भिंतीवर नव्हती. आयजीएमची तपासणी जवळ कुठे नाही. मग त्याला शहराकडे पाठवतात. शहरातल्या तरुण डॉक्टरांनी हा आजार पुस्तकात एका परिच्छेदात वाचलेला असतो. त्यांच्यापुढे फुगलेलं पोट, कमी झालेलं रक्त आणि 'हिवताप निगेटिव्ह' असा कागद येतो. ते कॅन्सर शोधतील नाही तर काय करतील? दोष त्यांचा नाही. दोष त्या कागदाचा आहे, आणि कागद आमच्याकडून गेलेला असतो.

चौथं थोडक्यात. रक्त नेतात आणि निकाल देत नाहीत. अभ्यासासाठी म्हणून टोचून नेलेल्या रक्ताचं पुढे काय झालं, हे मला गावातल्या म्हाताऱ्यांनी अनेकदा विचारलं. मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी गाव टोचून घ्यायला तयार नसतं तेव्हा 'अज्ञान' असा शेरा पडतो.

पाचवं, एकाच पोराला दोनदा टोचणं. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. आमच्या भागात दोन्ही आजार एकाच घरात नांदतात. पण सिकलसेलवाले त्यांचा थेंब घेतात, हिवतापवाले त्यांचा, आणि दोघंही पोट पाहत नाहीत. सिकलसेलच्या लहान मुलाची पानथरी कधी काही तासांत रक्तानं तुंबून फुगते आणि पोर हातचं जाऊ शकतं. आईला पानथरी चाचपायला शिकवलं तर ती वेळेत निघेल. तो हात दोन्ही आजारांना चालतो, त्याला वेगळं अनुदान लागत नाही.

यावर तुम्ही काय म्हणाल हे मला ठाऊक आहे, कारण नोकरीत असताना मीही तेच म्हणायचो. पानथरी काही फक्त हिवतापानं वाढत नाही. कबूल. सिकलसेल, थॅलेसेमिया, विषमज्वर, यकृताचे आजार, बिहारकडे काळाआजार, सगळ्यांत वाढते. आफ्रिकेतल्या सिकलसेलच्या मुलांची पानथरी बहुधा लहानपणीच आकसून निकामी होते. मध्य भारतातल्या मुलांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकत असल्यानं ती बरीच वर्षं मोठी राहते, म्हणजे आमच्याकडे गोंधळ अधिकच. दुसरं म्हणाल, हिवताप खरोखर कमी झाला की प्लीहा दर बोथट होतो. हेही कबूल. शंभरात दोन-तीन मुलांपर्यंत आला की हातावर भरवसा नको. पण म्हणूनच मी पानथरी आणि प्रतिपिंडं असं जोडून मागतो आहे. एका हातानं जे स्पष्ट होत नाही ते दुसऱ्यानं तपासायचं.

प्रतिपिंडांबद्दलही गैरसमज नको. प्रतिपिंडं सापडली म्हणजे माणूस आज आजारी आहे असं नाही आणि त्यावरून कुणाला औषध देऊ नये. तापाच्या रुग्णाचं निदान काच आणि पट्टीवरच व्हावं. प्रतिपिंडं गावासाठी वापरायची. बाळाला आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिले काही महिने असतात, म्हणून वर्षाच्या आतली बाळं सोडायची. 1 ते 5 वर्षांच्या मुलांचं रक्त पाहायचं. त्यांच्यात हिवतापाची प्रतिपिंडं नसतील, तर ती मुलं जन्मल्यापासून गावात हिवताप फारसा फिरलेला नाही. असतील, तर तुमच्या नकाशावर गाव कितीही हिरवं असो, परजीवी तिथे येऊन गेला आहे. मग वयाप्रमाणे आलेख काढला की प्रसार कुठल्या वर्षाच्या आसपास घटला तेही कळतं. जास्त रक्त लागत नाही. गाळणकागदावर वाळवलेला थेंब पुरतो, तो टपालानं जातो.

हे मी मनाचं सांगत नाही. मॉरिशसचं पाहा. आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांमुळे तिथे आजही मराठी सण होतात, म्हणून ते बेट आपल्याला अगदीच परकं नाही. 1860 च्या दशकात तिथे हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं गेली, मरणाऱ्यांत मळ्यांवरचे हिंदुस्थानी मजूर होतेच. 1907 च्या अखेरीला रोनाल्ड रॉस तिथे गेला. ज्यानं डासाच्या पोटात परजीवी शोधला तो माणूस, सूक्ष्मदर्शकावर नोबेल मिळवलेला. त्यानं बेटावरचा हिवताप मोजायला काय वापरलं? मुलांच्या पानथरी. एवढ्या पोरांच्या काचा बघत बसणं शक्य नव्हतं आणि हात खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं. पुढे फवारणी झाली, हिवताप हटला आणि 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मॉरिशसला प्रमाणपत्र दिलं. त्याच वर्षी ब्रूस-च्वाट या हिवतापतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या प्रतिपिंडांचा अभ्यास छापला, हिवताप खरंच गेला आहे याचा रक्तातला पुरावा म्हणून. नंतर ग्रीसमध्येही त्यांनी तेच केलं. एकाच बेटावर सुरुवात पानथरीनं आणि खात्री प्रतिपिंडांनी. आपण मधला तुकडा उचलला आणि दोन्ही टोकं सोडली.

मॉरिशसची गोष्ट तिथे संपत नाही हेही सांगायला हवं. 1975 मध्ये चक्रीवादळ आलं, घरं पडली, बाहेरून मजूर आले आणि हिवताप परतला. पुन्हा वीसेक वर्षं झगडावं लागलं. आणि आपलं स्वतःचं? 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि 8 लाख मृत्यू असा अंदाज होता. 1965 पर्यंत रुग्ण लाखावर आले. लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. मी नोकरीला लागलो तेव्हाचे माझे वरिष्ठ त्या उतरणीतून आणि चढणीतून गेलेले होते. 'शून्य' म्हटलं की ते खिडकीबाहेर बघायचे.

मागण्या अशा आहेत.

1. गावपातळीच्या नोंदवहीत आणि मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये पानथरीचा रकाना परत आणा. पानथरी किती खाली उतरली ते सांगणारी हॅकेटची 0 ते 5 ही वर्गवारी वापरा : 0 म्हणजे खोल श्वासातही लागत नाही, 1 म्हणजे फक्त खोल श्वासात लागते, 3 म्हणजे बेंबीच्या रेषेपर्यंत आलेली. एक आकडा भरायला तीन सेकंद लागतात.

2. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, कुरखेडा अशा जंगलालगतच्या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत आणि अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, 2 ते 10 वर्षांच्या मुलांची पानथरी तपासा. गावं तीच ठेवा, दरवर्षी बदलू नका. सोयीची गावं निवडू नका. आश्रमशाळेतलं पोर ज्या गावचं आहे ते गाव लिहा, शाळेचं नव्हे.

3. सिकलसेलसाठी टोचताना त्याच टोचणीतला आणखी एक थेंब गाळणकागदावर घ्या आणि 1 ते 5 वर्षांच्या मुलांतली प्रतिपिंडं राज्यातल्या एखाद्या सक्षम प्रयोगशाळेत तपासा. आईबापांना त्यांच्या भाषेत विचारून, नकार दिला तर निमूट मान्य करून.

4. जिथे बेंबीपर्यंत किंवा खाली पानथरी आहे अशा प्रत्येक रुग्णासाठी लेखी कार्यपद्धती काढा : सिकलसेल आधी तपासा, आयजीएम आणि प्रतिपिंडं पाहा, मगच मोठ्या शहराकडे पाठवा. जाणाऱ्या कागदावर 'हिवताप निगेटिव्ह' एवढंच न लिहिता 'परजीवी दिसला नाही, पानथरी अमुक' असं लिहा. ही मागणी मला सर्वांत जवळची आहे.

5. निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा. हिरवं गाव लाल झालं तरी दाखवा, आणि त्याबद्दल तिथल्या कर्मचाऱ्याला नोटीस काढू नका. नोटिशीच्या भीतीनं काय काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

6. कुठल्याही गावाला हिवतापमुक्त म्हणण्याआधी त्या गावातल्या लहान मुलांची पानथरी आणि प्रतिपिंडं पाहिली गेली आहेत, असं कागदावर असू द्या.

यातली पहिली मागणी उद्या पूर्ण होऊ शकते. तिसरीला पैसे लागतील, पण फार नाही. पाचवीला पैसे लागत नाहीत.

शिकवायला माणूस नाही असं उत्तर येऊ नये म्हणून एक सांगून ठेवतो. मी येतो. मानधन नको, एसटीचं तिकीट पुरे. पोराला बाकड्यावर उताणं झोपवायचं, गुडघे दुमडायचे. श्वास ओढ हे माडियात सांगता आलं पाहिजे, ते मला शिकायला आठवडा लागला होता, ते शिकवतो. बोटं डाव्या बरगडीशी ठेवून सुरुवात करायची नाही. नवशिक्या तिथेच चुकतो : पानथरी खूप मोठी असेल तर हात तिच्यावरच पडतो, कड सापडत नाही आणि तो 'लागत नाही' असं लिहून मोकळा होतो. उजव्या कुल्ह्याच्या बाजूनं, खालून सुरुवात करायची आणि श्वासागणिक तिरकं वर सरकायचं. हात थंड असले तर पोर पोट आवळून घेतं, म्हणून आधी ते चोळून गरम करायचे. थंडीच्या दिवसांत मी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवायचो. तेवढा चहा मात्र ठेवावा लागेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जिल्हा गडचिरोली